दोन बिस्किटांची परवानगी

रुग्णालयात नोकरी केली म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "डॉक्टर होतात?" नाही म्हटलं की, "मग नर्स?" तेही नाही म्हटल्यावर त्याचा आवाज एक पट्टी खाली उतरतो. "अच्छा, ऑफिसमध्ये होतात." मी वैद्यकीय समाजसेविका होते. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाईंचं घरचं चांगलं असणार, वेळ जात नसेल म्हणून करत असतील. समाजसेवा हा माझा छंद नव्हता, नोकरी होती. ती करताना मी जितकी चिडले तितकी सासरीसुद्धा कधी चिडले नसेन.

काम काय, ते सांगते. डॉक्टर औषध लिहून देतात. ते औषध घेऊन पेशंट घरी जातो. तिथे त्याला सासू भेटते, घरमालक भेटतो, मुकादम भेटतो, शाळा भेटते. यांच्यापैकी कोणाशी त्या औषधाचं जमलं नाही की केस माझ्या टेबलावर. एक गृहस्थ आपल्या मुलाला फिट्स येत नाहीत असं लिहून मागायला आले, कारण सोयरीक जुळत आली होती. मी म्हटलं, "अहो, येतात की." ते म्हणाले, "येतात हो, पण लिहायला काय जातंय?" एका आजींनी नातवाचं ऑपरेशन गुरुवारीच व्हावं म्हणून माझ्यामागे तगादा लावला होता. सर्जनना नेमका गुरुवारच मोकळा होता. तेव्हापासून त्या आजी मला फार वशिल्याची बाई समजायच्या आणि वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे पाठवायच्या.

असे नमुने पुष्कळ. पण सगळ्यात जास्त डोकं कशानं फिरलं असं कोणी विचारलं तर मी दोन बिस्किटांची गोष्ट सांगते.

दोन हजार तीन-चार सालची गोष्ट असेल. मीरा-भाईंदरची नगरपालिका जाऊन नुकतीच महानगरपालिका झाली होती आणि आम्ही मुंबईतली दहा बाय बाराची खोली सोडून शांती नगरात राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती. रुग्णालय मुंबईत, घर मीरा रोडला. त्यामुळे दहिसर खाडीच्या पलीकडचा कुठलाही पेशंट आला की वॉर्डातले डॉक्टर म्हणायचे, "कदम मॅडम, तुमच्या बाजूचा आहे, बघा जरा." जणू मी तिकडची सरपंच.

अशीच एक दिवस बालरोग विभागातून वनिता पाटील माझ्याकडे आली. भाईंदरजवळच्या राई गावची. नवरा हरेश रिक्षा चालवायचा, ही बाजारात सुकी मासळी विकायची. तिची अकरा वर्षांची मुलगी रुचिता मे महिन्यात आमच्याकडे बेशुद्ध अवस्थेत आली होती. मुलगी महिनाभर पाणी पीत होती, बारीक होत चालली होती, आणि घरचे म्हणत होते, उन्हाळा आहे. ती मधुमेहाची केस निघाली.

लहान मुलांचा मधुमेह हा मोठ्यांच्या मधुमेहासारखा नसतो. गोड खाल्ल्यानं होत नाही, कारल्याच्या रसानं जात नाही. शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबतं, मग ते रोज सुईनं बाहेरून द्यावं लागतं, आयुष्यभर. रुचिताला सकाळी एक आणि रात्री एक अशी इंजेक्शनं होती, ती घरीच व्हायची. पण एकदा सकाळची सुई टोचली की ते इन्सुलिन पोटात अन्न आहे की नाही हे बघत बसत नाही, आपलं काम करत राहतं. म्हणून ठरलेल्या वेळी थोडं खावं लागतं. खाल्लं नाही तर रक्तातली साखर इतकी उतरते की मूल घामाघूम होतं, हात कापतात, असंबद्ध बोलायला लागतं आणि मग कोसळतं. रुचिताची शाळा सकाळी सातची. मधली सुट्टी सव्वादहाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नऊ वाजता दोन मारी बिस्किटं. बस.

"शालेत खाऊ देत न्हाय मॅडम," वनिता म्हणाली. "मोठी बाई बोलते, पोरगी बरी झाली का पाठवा. आनि तुमचा डाक्टर बोलतो, ही बरी व्हयाची न्हाय, अशीच नीट ऱ्हायाची. मंग मी पाठवू कवा?"

मी हसले. दोन बिस्किटं! म्हटलं, शनिवारी मला सुट्टी आहे, येते तुमच्या शाळेत, अर्ध्या तासाचं काम आहे.

शाळा भाईंदर पश्चिमेला, एका खासगी संस्थेची, मराठी माध्यमाची. मुख्याध्यापिका करंदीकर बाई. पन्नाशीच्या, ताठ, कडक इस्त्रीची साडी. व्हरांड्यातून त्या चालल्या की दोन्ही बाजूंचे वर्ग आपोआप गप्प व्हायचे. मी डॉक्टरांचं पत्र पुढे ठेवलं, आजार समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग तिनं खायचं कुठे?" त्या म्हणाल्या.

"वर्गात. आपल्या जागेवर बसून. एका मिनिटाचं काम आहे."

"माझ्या शाळेत वर्गात कोणी खात नाही. शिक्षकही नाहीत."

"शिक्षकांना हा आजार नाही, बाई."

"एका वर्गात साठ मुलं आहेत माझ्या. आज हिला परवानगी दिली की उद्या दुसरी म्हणेल, मलाही भूक लागते."

"तिला भूक लागत नाही हो, तिची साखर उतरते."

"मुलांना त्यातलं काय कळणार?"

"सांगितलं तर कळेल. मी येऊन सांगते हवं तर."

"तुम्ही? तुम्ही कोण म्हणून सांगणार?"

बाई पुढे म्हणाल्या, "आणि ती वर्गात चक्कर येऊन पडली तर जबाबदारी कोणाची?"

"खाल्लं तर पडणारच नाही."

"आणि खाताना ठसका लागला तर?"

बाई चेष्टा करत नव्हत्या. मागे एकदा त्यांच्या शाळेत एक मुलगा जिन्यावरून घसरला होता, हात मोडला होता, आणि पालकांनी चार लोक आणून ऑफिसात तमाशा केला होता. तेव्हापासून बाईंना प्रत्येक मुलाच्या मागे चार लोक दिसायचे. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की मारी बिस्किटाचा ठसका लागून माणूस मरतो असं समजणारी एक शिकलेली बाई माझ्यासमोर बसली आहे.

"मला वरून लिहून आणा," त्या म्हणाल्या. "शिक्षण खात्यानं परवानगी दिली तर माझी काही हरकत नाही."

वर म्हणजे शिक्षण खात्याचं ऑफिस. तिथे जायला मी रजा टाकली, वनितानं बाजार बुडवला. टेबलापलीकडच्या साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"कॅटेगरी कुठली?"

"कसली कॅटेगरी?"

"अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद. सवलत पाहिजे ना? मग अपंगत्वाचा दाखला लागेल."

"ती अपंग नाही. तिला मधुमेह आहे."

"मग सवलत कशी देणार?"

"सवलत नकोच आहे. दोन बिस्किटं खायची आहेत."

"मॅडम, बिस्किटं खायची परवानगी देण्याची आमच्याकडे तरतूद नाही. तुम्ही असं करा, सरकारी दवाखान्यातून दाखला घेऊन या. दाखला असला की एका दिवसात काम होईल."

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. ज्या दिवशी अपंगांचा बोर्ड बसतो त्या दिवशी, रुचिताला घेऊन. बाकावर कुबड्या घेतलेली, काळा चष्मा लावलेली माणसं ताटकळत होती, आणि त्यांच्यामध्ये ही दोन वेण्यांची धडधाकट पोर पाय हलवत बसलेली. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "हिला काय झालं बाई?" मी सांगायला लागले, पण मधेच थांबले. त्याच्या एका पायाच्या जागी लाकडाचा पाय होता.

आत डॉक्टरांनी रुचिताला हात वर करायला लावले, बोटं मोजायला लावली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मग म्हणाले, "जरा पळून दाखव बघू." ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत वाऱ्यासारखी पळाली आणि परत आली. शाळेत तिला खेळाच्या तासाला बसवून ठेवत होते, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी पळायला मिळालं होतं. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "छान पळतेस की! एकदम फिट आहे मुलगी." रुचिता खूष, तिची आईसुद्धा खूष. चिडलेली मी एकटीच.

"डॉक्टर, मग अपंग नाही असं तरी लिहून द्या."

"जे नाही त्याचा दाखला आम्ही देत नाही."

परत शिक्षण खातं. दाखला नाही म्हणजे सवलत नाही, असं साहेबांनी समजावलं. अपंग असती तर काहीतरी करता आलं असतं, असंही हळहळून म्हणाले. त्यांचा सूर इतका सहानुभूतीचा होता की मला ओरडताही येईना. कायद्याच्या पुस्तकात तेव्हा मूल एकतर अपंग होतं नाहीतर नॉर्मल. या दोघांच्या मध्ये राहणाऱ्या मुलांनी कुठे जायचं, हे कोणाच्याच टेबलावर लिहिलेलं नव्हतं. शिक्षणाच्या हक्काचा कायदा तर अजून यायचा होता.

हे सगळं चाललं असताना रुचिता शाळेत जात होतीच. आणि तिनं तिच्यापुरता मार्ग काढला होता. नऊ वाजले की ती वर्गातल्या बाईंना विचारून बाथरूमला जायची आणि तिथे उभ्या उभ्या बिस्किटं खायची. शाळेचं बाथरूम कसं असतं ते सांगायला नको. मला हे कळलं तेव्हा मी तिला विचारलं, "अगं, तुला किळस नाही वाटत?" ती म्हणाली, "नाक दाबायचं आणि खायचं. चव लागत नाही, बस."

पण ही रोज नेमकी याच वेळेला जाते, हे वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं. तिला वाटलं, गणिताचा तास चुकवते. तिनं रुचिताचं जाणं बंद केलं.

गणपतीच्या सुट्टीनंतर घटक चाचणी होती. पेपर चालू असताना रुचितानं उत्तराच्या जागी रेघोट्या ओढल्या. शिक्षिकेनं विचारलं, हे काय चाललंय? तर ती हसायला लागली. दोनदा विचारलं, दोनदा हसली. साखर उतरलेलं मूल असंच करतं, दारू प्यायलेल्या माणसासारखं. शिक्षिकेला तो उद्धटपणा वाटला. तिनं तिला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर ती भिंतीला टेकली, घसरत खाली बसली, आडवी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, झोपलीय. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं बाहेर आली, तरी ती उठेना, तेव्हा धावपळ झाली.

मला वॉर्डात फोन आला, तिला नर्सिंग होममध्ये नेलंय म्हणून. मी भाईंदरच्या त्या नर्सिंग होममध्ये पोचले तोवर शिरेतून ग्लुकोज देऊन तिला शुद्धीवर आणलं होतं. वनिता पलंगाशी बसून तिचे तळवे चोळत होती. करंदीकर बाई बाहेर बाकावर होत्या. चेहरा पांढराफटक. मला बघताच त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगत होते ना, ती पडेल म्हणून?"

तीस वर्षांच्या नोकरीत मी कोणावर हात उगारला नाही. त्या दिवशी मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले.

आता तरी शाळेचे डोळे उघडतील असं मला वाटलं होतं. उघडले, पण भलत्याच बाजूला. संस्थेच्या सेक्रेटरींनी निरोप पाठवला: मुलीची तब्येत पाहता तिच्या हिताच्या दृष्टीनं पालकांनी शाळेतून दाखला काढून घ्यावा. दोन बिस्किटं खाऊ देण्यापेक्षा मुलगीच काढून टाकणं सोपं होतं. वरून आणखी, तिच्या हिताच्या दृष्टीनं!

त्या संध्याकाळी मी राईला त्यांच्या घरी गेले. हरेश ओट्यावर बसला होता. त्याचं ठरलं होतं. "राहू दे मॅडम, घरी बसू दे तिला. शिकून काय करायची हाय? जगली-वाचली म्हंजे झालं. मी उद्या जाऊन सही करतो."

वनिता आत भाकऱ्या थापत होती. तिथूनच म्हणाली, "कर सही. मंग परवापासून तू घरी बसून तिची साखर बघ, रिक्षा मी चालवते."

मी त्यांना सांगितलं की मी आणखी वर लिहिते, मंत्रालयात लिहिते, थोडा वेळ लागेल. वनिता हात धुऊन बाहेर आली. "लिवा मॅडम, तुमी लिवा. पन तवर पोरगी नऊ वाजता काय खाईल? माझं मी बघते."

तिनं काय बघितलं ते मला आठवड्यानं कळलं. ती रोज सकाळी रुचिताबरोबर शाळेत जायची आणि फाटकाबाहेर, कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसायची. शाळा सुटेपर्यंत. नऊला रुचिता फाटकाशी यायची, गजांतून हात बाहेर काढायची, आई तिला बिस्किटं द्यायची, ती खाऊन परत पळायची. आता आईच आलीय म्हटल्यावर वर्गशिक्षिकेला नाही म्हणता येईना. पण वनिताला बाजार बुडवून परवडत नव्हतं, म्हणून ती टोपलीही बरोबर आणायची. टोपलीत सुकट, बोंबील, जवळा.

वॉचमन धावून आला. "ए मौसी, इधर धंदा नहीं करने का."

"धंदा कौन करता है?" वनिता म्हणाली. "मैं मेरी लडकी को बिस्कुट खिलाने को बैठी है."

"और ये टोकरी?"

"टोकरी मेरे साथ बैठी है."

मी शनिवारी तिथे जाऊन पाहिलं. मुलांना सोडायला आलेल्या बायका तिच्याभोवती उभ्या, बोंबलाचा भाव विचारतायत. शाळेतल्या दोन शिक्षिकाही होत्या, पिशवीत घालून घेताना इकडेतिकडे बघत. वारं खाडीकडून शाळेकडे. मुख्याध्यापिकांच्या ऑफिसची खिडकी नेमकी त्या भिंतीच्या वर. मी वनिताला म्हटलं, "वनिताताई, असं बसून काही होत नाही. अर्ज चालू आहे आपला." ती म्हणाली, "तुमचा अर्ज तिकडं बसलाय, मी इकडं बसलीय. बघू आधी कोन उठते."

आधी सेक्रेटरी उठले. संस्थेच्या मीटिंगला आले होते. मीटिंग त्याच ऑफिसात. त्यांनी नाकाला रुमाल लावून खिडकी बंद केली, पंखा मोठा केला, आणि शेवटी मीटिंग अर्धी टाकून करंदीकर बाईंना म्हणाले, "बाई, हे काय आहे ते आजच्या आज संपवा." बाईंनी वनिताला आत बोलावलं. योगायोगानं मीही होते, शनिवार होता.

"वनिताबाई, सोमवारपासून तुम्ही इथे बसायचं नाही," बाई म्हणाल्या. "नऊ वाजता रुचिता माझ्या ऑफिसात येईल. बिस्किटं माझ्या कपाटात राहतील. मी स्वतः देईन तिला."

मी ताबडतोब म्हटलं, "हे लेखी द्याल का?"

"लेखी काही मिळणार नाही."

मी वाद घालायला तोंड उघडलं. वनितानं माझा दंड धरला. "लेखी काय चाटायचं हाय मॅडम? चला."

इतक्या खेपा, इतकी ऑफिसं, मंत्रालयापर्यंतचे अर्ज, आणि परवानगी मिळाली ती सुक्या बोंबलाच्या वासामुळे. मंत्रालयातून उत्तर आलं तेव्हा रुचिता सातवीत गेली होती. त्यात लिहिलं होतं की प्रकरण शिक्षण खात्याकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवलं आहे.

करंदीकर बाईंबद्दल मात्र मला एक सांगितलं पाहिजे. रोज नऊला एक मुलगी आपल्यासमोर उभी राहून बिस्किटं खाते म्हटल्यावर माणूस तिच्याकडे बघायला लागतो. एक दिवस बाईंचा मला घरी फोन आला. "अहो कदम मॅडम, आज तिचे ओठ पांढरे वाटले, मी बिस्किटांबरोबर चमचाभर साखर पण दिली. चालतं ना?" म्हटलं, चालतं, चांगलं केलंत. पुढे त्यांनी कपाटात ग्लुकोजचा डबा ठेवला. खेळाच्या शिक्षकांना बोलावून तिला पळू द्यायला सांगितलं. मग तर त्या मलाच रागवायला लागल्या. तुमच्या डॉक्टरांनी सुईची मात्रा वाढवली ते मला का कळवलं नाही, म्हणून.

पण माझी खंत वेगळीच आहे. मला नियम हवा होता. मिळाली ती एका बाईंची मर्जी. पुढच्या जूनमध्ये मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधला एक मुलगा आला, तोच आजार, शाळा दुसरी. मी तिथल्या प्रिन्सिपलना उत्साहानं सांगितलं की भाईंदरच्या एका शाळेत असं असं करतात. ते म्हणाले, "ती त्यांची शाळा. तुमच्याकडे काही सर्क्युलर आहे का?" नव्हतं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून: जबाबदारी कोणाची, ठसका लागला तर काय, वरून लिहून आणा, अपंगत्वाचा दाखला आणा. त्या मुलाच्या वडिलांची बँकेत नोकरी होती, आईला फाटकावर बसणं शक्य नव्हतं, आणि टोपली तर नव्हतीच. शेवटी त्यांनी शाळा बदलली. मी निवृत्त होईपर्यंत अशी किती मुलं आली, आणि प्रत्येकाच्या वेळी मी शून्यापासून सुरुवात केली. आज कायदे बदललेत म्हणतात. बदलले असतील. मी शाळांच्या फाटकांजवळून जाताना अजून आधी रागावते आणि मग विचार करते.

रुचिता आज तिशी ओलांडलेली बाई आहे. वसईला राहते, एका खासगी कंपनीत हिशेब बघते, दोन वर्षांची मुलगी आहे. सुई अजून रोज चालूच आहे, आता स्वतःची स्वतः घेते.

पण तिची दहावी मात्र सांगायची राहिली. बोर्डाचा पेपर अकराला सुरू व्हायचा आणि तिच्या जेवणाच्या वेळेपलीकडे चालायचा. म्हणजे मध्ये खाणं आलंच, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पेन आणि कंपास सोडून काही न्यायला बंदी. या वेळी मी हललेसुद्धा नाही. करंदीकर बाई म्हणाल्या, "मी मुख्याध्यापिका आहे, मी बघते. बोर्डात माझी ओळख आहे." दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अहो, तो माणूस म्हणतो, अपंगत्वाचा दाखला आणा!"

"बरं?"

"मी म्हटलं, ती अपंग नाही, तिला मधुमेह आहे. तर म्हणतो, मग सवलत कशी द्यायची? मी म्हटलं, सवलत नकोच आहे, दोन बिस्किटं खायची आहेत. तर मला विचारतो, आणि ती पडली तर जबाबदारी कोणाची? काय हो ही माणसं? साधी गोष्ट कळत नाही यांना?"

मी खुर्ची ओढून घेतली, आरामात बसले आणि बाईंना मनसोक्त बोलू दिलं. नोकरीत समाधानाचे क्षण कमी असतात.

बाई हटल्या नाहीत. त्या पाच वेळा बोर्डात गेल्या, तीही कडक इस्त्रीची साडी नेसून. परीक्षेच्या तोंडावर परवानगी आली. मजकूर असा की उमेदवारास परीक्षा दालनाच्या बाहेर, पर्यवेक्षकांच्या उपस्थितीत अल्पोपाहार करता येईल. त्यात गेलेला वेळ वाढवून मिळणार नाही. म्हणजे आजारी मुलीनं खायलाही बाहेर जायचं आणि तेवढी मिनिटंही तिचीच जायची. मी तो कागद वाचून भडकले. बाई म्हणाल्या, मिळालंय ते घ्या.

भूमितीच्या पेपरला मी रजा घेऊन केंद्रावर गेले. वनिता होती, बाई होत्या. पेपर सुटला, मुलांचा लोंढा बाहेर आला, त्यात रुचिता. मी तिला बाजूला घेतलं. बोर्डाला मी खरमरीत तक्रार लिहिणार होते. मला पुरावा हवा होता.

"खायला बाहेर किती वेळ गेला तुझा?"

"दहा-पंधरा मिनिटं गेली असतील."

"पंधरा मिनिटं!" मी बाईंकडे बघितलं. "पाहिलंत? काही राहिलं का गं लिहायचं?"

"शेवटचं प्रमेय राहिलं."

"वेळ पुरला नाही ना? मला माहीत होतं. अगदी नाव घालून लिहिते आता."

रुचिता थोडी घुटमळली. बाईंकडे बघितलं, आईकडे बघितलं. "मॅडम, लिहू नका. ते मला येतच नव्हतं."

"मग दोन बिस्किटांना पंधरा मिनिटं कशी लागली?"

"हॉलमध्ये खूप उकडत होतं," ती म्हणाली. "बाहेर व्हरांड्यात मस्त वारा होता. म्हणून हळूहळू खाल्ली."